पाण्याखालची टेकडी आणि पितळी बूच

हैदराबादेत आमच्या विद्यानगरच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. त्या गल्लीत एका रविवारी सकाळी मी बोट आणली.

सोळा फुटी, पांढरी, बाजूनं निळा पट्टा, लोखंडी ट्रेलरवर चढवलेली. मागच्या बाजूला बाहेरून लटकवलेलं काळं इंजिन, मध्ये मोटारीसारखं स्टिअरिंग आणि बुटकी काच, आणि त्या काचेच्याही पुढे, बोटीच्या अगदी नाकात, समोरासमोर दोन गाद्या. अशा बोटीला बाउरायडर म्हणतात, हे महिन्याभरापूर्वीपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ज्यांना आयुष्यात पहिल्यांदाच बोट घ्यायचीय आणि घरच्यांना बसवून फिरवायचंय, अशा नवशिक्यांसाठी ती असते. म्हणजे बोटींच्या दुनियेतली स्कूटरच. माझी तर वापरलेली स्कूटर. विकणारे गृहस्थ गाद्यांवर हात फिरवत म्हणाले होते, "फॅमिली का माल है साब. बड़ों को सामने बिठाओ, हवा खिलाओ." बाकी इंजिनाची ताकद वगैरे त्यांनी बरंच सांगितलं, पण माझा निर्णय त्या 'बड़ों को सामने बिठाओ'लाच होऊन गेला होता.

गल्लीत लोंबणाऱ्या केबलच्या तारा बांबूनं उचलून धरायला अर्धी गल्ली आली. उरलेली अर्धी बघायला आली. कोपऱ्यावरचा रिक्षावाला रिक्षा बंद करून खाली उतरला.

"क्या भाई, बारिश में गल्ली भरती बोलके अब्बीच इंतजाम कर लिए?"

"हौ," मी म्हणालो.

"दिलसुखनगर की सवारी लेते क्या इसमें?"

बायको दारात उभी होती. तिनं बोटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, तुम्हाला पोहता येत नाही."

हे खरं होतं. शिवाय मी विमा कंपनीत नोकरी करतो. माणसाच्या आयुष्यात कुठे कुठे काय काय बिघडू शकतं, हे त्याला चहा पाजून समजावून सांगणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. हुसेनसागरच्या कडेनं जातानासुद्धा मी गाडी पाण्यापासून लांबच्या बाजूनं चालवतो. असल्या माणसानं बोट घ्यावी, याचं बायकोइतकंच मलाही आश्चर्य वाटत होतं. पण बोट माझ्यासाठी नव्हती. बाबांसाठी होती.

बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं," ते म्हणायचे. ताटातला भात दिसे, पण शेजारची आमटीची वाटी शोधावी लागे. त्या डिसेंबरात डॉक्टर म्हणाले की नळीचं तोंडही आता लहान होत जाईल. वर्षभर मिळेल, कदाचित तेवढंही नाही.  परतताना गाडीत, नारायणगुड्याच्या सिग्नलला बाबा म्हणाले, "एकदा ते पाणी मधून बघायला हवं होतं."

कुठलं पाणी, ते विचारायची गरज नव्हती.

बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. शहरापासून तीन तासांवर एक धरण आहे. ते बांधून व्हायच्या आधी, पाणी कुठवर चढेल आणि त्याखाली काय काय जाईल, याचे नकाशे बाबांनी काढले. सर्वेवाले रानात हिंडून उंचीचे आकडे वहीत लिहून आणायचे. बाबा जामबागेजवळच्या कचेरीत उंच स्टुलावर बसून त्या आकड्यांतून ट्रेसिंगच्या कापडावर रेषा ओढायचे. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी एक रेष, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. टेकडी असेल तिथे या रेषा लहान लहान होत जातात आणि शेवटची स्वतःशीच मिटते. लहानपणी मला वाटायचं, बाबा ऑफिसात कांदे काढतात.

पण बाबांनी ती जागा कधी पाहिली नव्हती. दौऱ्यावर साहेब जायचे, ड्राफ्ट्समन स्टुलावर. निवृत्तीनंतर आम्ही त्यांना दोनदा धरणावर नेलं, तेव्हा त्यांनी भिंतीवरून पाणी पाहिलं. "हे तोंड झालं," ते म्हणाले होते, "पोट कुठंय?" पर्यटकांची लाँच होती, तीही काठाकाठानंच फिरवून आणायची.

आणि त्या नकाशात एक टेकडी होती. कागदावर राजम्याच्या दाण्याएवढी, आकारही तसाच, एका अंगाला किंचित आत वळलेला. साहेब म्हणाले होते, "सोडून द्या हो ती. सगळं पाण्याखाली जाणार. चार आकड्यांसाठी दिवस कशाला घालवता?" बाबांनी सोडली नाही. "जे बुडणार आहे, ते तरी नीट काढायला नको?" हे वाक्य आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकलंय, की शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला तेच आठवायचं. पण चार आकड्यांवरून टेकडीची रेष ओढायची म्हणजे निम्मं काम अंदाजाचं, हेही बाबाच सांगायचे. टेकडी खरंच तशी होती का, हे त्यांना कधीच कळलं नाही. त्यांची रेष पुरी झाली आणि काही वर्षांत तिच्यावर पाणी चढलं.

तर बोट आली. आता तिची पूजा.

आमच्या घरी हे खातं आत्याकडे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आमच्याबरोबरच राहते. पूजा न झालेल्या वाहनात ती पाय ठेवत नाही. तिनं बोटीला एक फेरी मारली.

"हिची चाकं कुठंयत रे?"

"आत्या, बोटीला चाकं नसतात."

"मग लिंबं कशाखाली ठेवू? तुझ्या टाळक्याखाली?"

शेवटी लिंबं ट्रेलरच्या चाकांखाली ठेवली. बोटीच्या नाकावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघालं. इंजिनाच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांना एकेक बोट कुंकू लागलं. समोरच्या तेलुगू वहिनींनी वरून आवाज दिला की कोहळा फोडल्याशिवाय दृष्ट निघत नाही, म्हणून कोहळा ओवाळून फोडला. इथे तीन पिढ्या काढल्यावर आमची पूजा अर्धी मराठी, अर्धी तेलुगू झालीय. त्या दिवशी ड्यूटीवर कुठला देव असेल, सांगता येत नाही.

मला वाटलं, संपलं. तर आत्या कळशी घेऊन आली.

"पाण्यातलं वाहन आहे. आधी हिची पाण्याशी ओळख करून द्यायला नको?" असं म्हणून तिनं दूध आणि गंगाजल घातलेलं कळशीभर पाणी बोटीच्या आत ओतलं. नंतर दुसरी कळशी. बोटीला अभिषेक.

दुधाचं पाणी आत राहिलं तर वास मारेल, म्हणून मी मागे जाऊन बूच काढलं.

बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, अंगठ्याएवढं एक भोक असतं. बोट जमिनीवर असताना आत साचलेलं पाणी त्यातून काढून टाकायचं, आणि पाण्यात सोडण्याआधी त्यात पितळी बूच फिरवून घट्ट बसवायचं. बोटवाल्या माणसाला जेवढ्या म्हणून गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, त्यांतली ही पहिली. माझ्याकडे वही होती. वहीत यादी होती. यादीत पहिल्या ओळीवर 'बूच' लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं आणि त्याच्यापुढे बरोबरची खूणही होती, कारण त्या दिवशी सकाळी मी स्वतः हात लावून ते बूच तपासलं होतं. अभिषेकाच्या आधी.

पाणी भळभळ वाहून गेलं. बूच मी ओट्यावर ठेवलं आणि कोहळ्याच्या फोडी गोळा करायला गेलो.

पुढच्या शनिवारी पहाटे निघालो. मी, बायको, मागे बाबा आणि आत्या, त्यांच्यामध्ये इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली आमची मुलगी. मागे ट्रेलरवर बोट, तिच्या नाकावर झेंडूचा हार. आत्याच्या मांडीवर पूजेचा डबा, कारण बोट पाण्यात उतरवताना पाण्याची पूजा करायची होती.

धरणाच्या एका फाट्याला बोटी उतरवायचा सिमेंटचा उतार आहे. परवानगीचे कागद दाखवले. तिथला राखणदार, लुंगीवाला, पिकल्या मिशांचा माणूस, कागद उलटसुलट करून म्हणाला, "नीळ्ळु तक्कुव सार. इस साल पानी कम है. बीच में हल्लू जाव."

सगळ्यांनी नारिंगी जॅकेटं घातली. आत्यानं पातळावरून घातलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तर आकाशकंदीलच दिसतोस. वात तेवढी राहिलीय."

ट्रेलर मागे मागे ढकलला, बोट पाण्यात सरकली आणि तरंगली. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. मुलीनं आजोबांचा हात धरून त्यांना काचेच्या मधल्या फटीतून पुढे नेलं.

"आजोबा, तुम्ही फ्रंटला बसा ना. फुल व्ह्यू येईल."

बाबा नाकातल्या उजव्या गादीवर बसले, आत्या समोर. मी इंजिन सुरू केलं, त्याची लाल दोरी मनगटाला अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर त्या दोरीनं इंजिन आपोआप बंद पडतं. ती सोय माझ्यासारख्यालाच सुचली असणार.

सुरुवातीला दोन्ही बाजूंना आपले ते ओळखीचे खडक, एकावर एक रचून ठेवल्यासारखे, मधून पन्नास-साठ हातांची पाण्याची गल्ली. मी विद्यानगरात गाडी चालवतो तसाच चालवत होतो, हॉर्न शोधत. मग ती गल्ली एका वळणाला संपली.

मला हे नीट सांगता येणार नाही. काठ होता, आणि मग नव्हता. समोर पाणी होतं आणि ते पुढे जातच होतं. सकाळचं ऊन त्यावर तिरकं पडलं होतं आणि कुठून पाणी संपून आभाळ सुरू होतं, ते दिसत नव्हतं. आमच्या शहरापासून तीन तासांवर एवढी मोठी गोष्ट आहे, आणि मी आयुष्यभर तिच्यातून नळाला येणाऱ्या धारेबद्दल कुरकुर करत आलो. मुलगी फोन काढायचा विसरली. यावरून काय ते समजा.

मी वेग वाढवला. बोटीनं नाक उचललं, मग ते हळूच खाली टेकवलं आणि ती पाण्याच्या पाठीवरून पळायला लागली. बाबांचे पांढरे केस उभे राहिले होते. एक हात कठड्यावर. मान मात्र ते सावकाश फिरवत होते, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. एका वेळी नळीभर पाणी. नळी नळीनं ते सगळं गोळा करत होते.

वीसेक मिनिटांनी त्यांनी हात वर केला. मी इंजिन बंद केलं.

इतकी शांतता मी हैदराबादेत ऐकलेली नाही. दूर एक पाणकावळा पाण्यातून वर आला आणि त्याचे पंख झटकल्याचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला. चारी बाजूंना काठाची एक काळसर रेघ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक. बाबा गादीवरून उठून उभे राहिले. आत्यानं त्यांच्या जॅकेटचा पट्टा मागून धरला.

"एवढं काढलं मी?" बाबा म्हणाले.

आत्यानं पट्टा आणखी घट्ट धरला.

"अडीच हात कापड होतं," ते म्हणाले. "अडीच हात. मला वाटलं नव्हतं, एवढं असेल."

बायकोनं डोळ्याला पदर लावला. मीही स्टिअरिंगच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत होतो. तेवढ्यात आत्या शांतपणे म्हणाली, "अरे, माझी चप्पल पोहतेय."

मी खाली पाहिलं. माझ्या बुटांभोवती पाणी होतं.

माणसाला काही गोष्टी एकदम कळतात. मला ओटा दिसला. ओट्यावर ठेवलेलं पितळी बूच दिसलं. वहीतली बरोबरची खूण दिसली. बोट जोरात पळत असते तेव्हा मागचं पाणी फाकत जातं आणि त्या भोकातून आत शिरत नाही, उलट आधी शिरलेलंही निघून जातं. पळत होतो तोवर आम्ही सुखरूप होतो. शांतता ऐकायला थांबलो आणि बुडायला लागलो.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"अहो, मी सव्वीस वर्षं ऐकतेय तुमचं 'काही नाही'. काय विसरलात?"

"बूच."

"कुठलं?"

"तळाचं."

आतला पंप सुरू केला. तो घरघरत पाणी बाहेर थुंकत होता, पण येणारं जास्त होतं. इंजिन पुन्हा चालू करून वेग दिला, तर पाण्यानं जड झालेली बोट नाक वर करून शेपटावर बसली आणि मागून आणखी पाणी आत आलं. वेग कमी केला. मागे ओणवा होऊन भोकात बोट घालायचा प्रयत्न केला, तर हात पुरेना आणि पोट आडवं आलं. काठ म्हणजे ती पेन्सिलीची रेघ. आमच्या सगळ्यांच्या अंगावर जॅकेटं होती, तेव्हा बुडून मरणार नव्हतो. पण पाण्यात तरंगणारे बाबा आणि आत्या मला डोळ्यांसमोर दिसले. मी लोकांना विकलेल्या सगळ्या पॉलिस्या एकदम आठवल्या.

"फोनवर मॅप बघ," मी मुलीला म्हणालो. "जवळची जमीन."

"पप्पा, मॅपवर नुसतं ब्लू आहे. आपण एक डॉट आहोत. बाकी काहीच नाही."

"टेकडीवर घे," बाबा म्हणाले.

ते अजून उभेच होते. मागे वळलेसुद्धा नव्हते.

"कुठली टेकडी, बाबा?"

"माझी. पाणी कमी आहे म्हणाला ना तो? मग तिचा माथा कमरेच्या आतच असेल. घे."

"पण कुठं आहे ती?"

"पूर्वेकडच्या काठावर एक पांढरा कळस असेल, देवळाचा. आणि त्याच्या मागे, लांब, जोडखडकाचा डोंगर. सर्वेवाल्यांचा खांब त्या डोंगरावर होता. बघ."

मुलगी गादीवर चढली. "कळस... हां, दिसला! व्हाइट, छोटासा. मागे डोंगर पण आहे, पण खडक राइटला आहेत."

"मला दाखव."

तिनं आजोबांचा चेहरा दोन्ही हातांत धरून हळूच वळवला. बाबांनी डोळे बारीक केले. आणि मग मी पाहिलं की जी नजर त्यांना आमटीची वाटी दाखवत नव्हती, ती या कामाला बरोबर पुरत होती. लांबचं, बारीक, एकच काहीतरी बघायचं. सर्वेवाले दुर्बिणीला डोळा लावायचे, त्यांनाही तेवढंच दिसत असणार.

"खडक कळसाच्या डोक्यावर यायला हवेत," बाबा म्हणाले. "डावीकडे जाऊ दे बोट. हल्लू. आणखी. आणखी... हां. आता या रेषेवर सरळ कळसाकडे. सोडू नकोस रेष."

मी रेष धरली. बोट म्हशीसारखी चालली होती. पाणी घोट्यावर आलं होतं. बायको जेवणाचा डबा रिकामा करून पाणी उपसत होती. पुरणपोळ्या आत्याच्या मांडीवर. आत्या मोठ्यानं पाढे म्हणत होती. तिला घाबरल्यावर एकोणतीसचा पाढा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"दादा," ती मध्येच थांबून म्हणाली, "तू तेव्हा ही टेकडी अंदाजानं काढली होतीस ना?"

"निम्मी," बाबा म्हणाले.

"मग माथा कुठल्या निम्म्यात येतो?"

 कठड्यावरची बाबांची बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला कळलं की बोट बुडेल की नाही, याची धास्ती त्यांना नव्हतीच. त्यांना दुसरीच धास्ती होती, आणि ती माझ्या धास्तीहून चाळीस वर्षांनी जुनी होती.

पाण्याचा रंग बदलला. काळपट हिरवा होता तो चहासारखा झाला. मग तळाचे गोटे दिसायला लागले. खालून खर्र असा आवाज आला, बोट हलकेच उचलली गेली आणि थांबली.

मी इंजिन बंद करून वर उचललं. कडेवरून पाय टाकला. पाणी गुडघ्याच्या जरा वर आलं, आणि पायाखाली जमीन होती. घट्ट, मुरमाड, आपल्या कुठल्याही टेकडीवर असते तशी. मी आयुष्यात पहिल्यांदा मोकळ्या पाण्यात उभा होतो, तोही काठापासून कोसभर आत. चारी बाजूंना पाणी, आणि आमच्या वरून एक घार सावकाश गेली. तिनं काय विचार केला असेल, कोण जाणे.

एकेक करून सगळे मागच्या शिडीनं उतरले. सगळ्यांत शेवटी बाबा. मी एका हाताला, मुलगी दुसऱ्या. त्यांनी धोतर गुडघ्यावर खोचलं होतं. पहिला पाय टेकला. दुसरा टेकला. ते तसेच उभे राहिले, खाली बघत. खाली त्यांना काही दिसत नसणार.

"आहे," ते म्हणाले.

मी बोटीच्या मागे जाऊन पाण्यात बसलो आणि भोकात अंगठा खुपसला. विमा सल्लागार, वय चोपन्न, अंगठ्यानं बोट अडवून. "एखादं फडकं द्या कुणीतरी!" मी ओरडलो.

"देवाचं वस्त्र चालेल का?" आत्यानं विचारलं आणि काखेतला पूजेचा डबा उघडला. मग ती डब्यात बघत राहिली.

"अरे," ती म्हणाली, "हे काय असतं?"

तिच्या तळहातावर माझं पितळी बूच होतं. हळद लावलेलं, कुंकू लावलेलं, वर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला.

"ओट्यावर होतं," आत्या म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या बोटीबरोबर देव आलाय. गेला आठवडाभर मी याला अंघोळ घालतेय."

बायको आधी हसायला लागली, मग मुलगी, आणि मग आम्ही सगळेच, धरणाच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात. हसताना माझा अंगठा भोकातून निसटला, पण बोट जमिनीवर टेकलेली होती, कुठे जाणार होती ती? मी बूच बसवलं. तीन वेळा पिळलं. आत्यानं डब्यातली हळदीकुंकवाचा करंडा काढून टेकडीच्या पाण्याची पूजा केली, ती राहिलीच होती. बायको आणि मी डब्यानं आणि त्याच्या झाकणानं बोटीतलं पाणी उपसत राहिलो.

सगळं आवरल्यावर बघतो तर बाबा जवळ नव्हते. वीसेक हातांवर ते आणि मुलगी चालत होते. बाबा पुढे, तिच्या दंडाला धरून, प्रत्येक पाऊल आधी चाचपून मगच टाकत होते. जिथे पाणी मांडीवर चढायला लागे तिथे ते थांबत, पाऊल मागे घेत आणि त्याच उंचीवरून पुढे सरकत. पाणी सतत गुडघ्याच्या वर चार बोटं. त्याहून वर नाही, खाली नाही. ते हिंडत नव्हते. ते त्यांची शेवटची, आतली, मिटणारी रेष चालत होते.

मी त्यांच्याजवळ गेलो. पाण्यातून चालणाऱ्या त्यांच्या पायांमागे गढूळ पाण्याचा एक पट्टा उमटत होता आणि हळूहळू निवळत होता.

"आता डावीकडे आत वळेल बघ," बाबा नातीला म्हणत होते. "राजम्याचं पोट. दहा-बारा पावलांत."

दहा पावलं झाली. बारा झाली. जमीन वळेना. बाबा थांबले. पाय पुढे टाकून पाहिला, बाजूला टाकून पाहिला. आणखी सात-आठ पावलं सरळ गेले. आणि मग जमीन वळली, छानपैकी, डावीकडे आत.

बाबा माझ्याकडे वळले. त्यांना मी दिसत होतो की नुसतं माझं जॅकेट, माहीत नाही. पण असा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. मला नोकरी लागली त्या दिवशी नाही, नातीच्या बारशाला नाही.

"चुकलं होतं रे माझं," ते म्हणाले. "वळण इथं आहे. मी अलीकडे घेतलं होतं."

"बाबा, निघायचं का? ऊन चढतंय."

"थांब ना," ते म्हणाले आणि नातीचा दंड पुन्हा धरला. "निम्मीच झालीय. पूर्ण फिरून येतो."